तुळसीची गाडी

चाळीस वर्षं मुकुंदराव कुंभकोणमच्या आपल्या गॅरेजात इंजिनाला कान लावून दोष सांगत आले. आज मात्र ऐकायला आवाजच नव्हता. चावी फिरवली की दिवे तेवढे लागत, स्टार्टर गप्प.

गाडी तुळसीची. तिचा डावा गुडघा दुखायचा, म्हणून त्यांनी बायकोसाठी बिनक्लचची घेतलेली. तुळसी जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून गाडी शेडमध्येच होती.

"अस्कं तपासलं, अप्पा, काही सोडलं नाही," मुलगा श्रीकर म्हणाला. "बॅटरीही नवी घातली. स्कॅनर सांगतो, गिअरचा कंप्युटर उत्तरच देत नाही. नवा बसवणं परवडायचं नाही. चार वाजता भंगारवाला येतोय."

"येऊ दे. अजून अडीचच वाजलेत."

"माणसाला विचारता येतं कुठं दुखतं ते. ह्याला काय विचारणार?"

"तुझ्या आईला विचारलं तरी ती कुठं सांगायची?"

श्रीकर हसला आणि टॉर्च घेऊन वाकला.

समोरच्या पट्टीवर गिअरचं अक्षरच उमटत नव्हतं. गाडी पार्कमध्ये आहे हे कंप्युटरला कळत नाही, तोवर तो स्टार्टरला हलू देणार नाही. मुकुंदरावांनी मीटर लावला. फ्यूजपर्यंत वीज येत होती, कंप्युटरपाशी नव्हती. म्हणजे मध्येच कुठंतरी. त्यांनी गिअरच्या दांड्याभोवतालचं झाकण उचकटलं. खाली तारांचा जोड हिरवा पडला होता.

"पाणी!" श्रीकर म्हणाला. "इथं कुठून?"

मुकुंदरावांनी दांड्याशेजारच्या खळग्यातून बोट फिरवलं. दर द्वादशीला तुळसी पहाटे आडुतुरैच्या रस्त्यानं कावेरीवर जाई, पूजेचं पाणी चंबूत भरून आणी. पायाशी ठेवलं तर पाय लागेल, सीटवर ठेवलं तर कलंडेल, म्हणून चंबू दांड्याशेजारच्या खळग्यात. झाकणाच्या बाटलीत आण, असं त्यांनी किती वेळा सांगितलं! "अहो, सोवळ्याचं पाणी प्लास्टिकात?" ती म्हणे, आणि गाडी गतिरोधकावर उडाली की चार थेंब सांडत. इतकी वर्षं ते थेंब खाली झिरपत होते. दुसऱ्याच्या गाडीत हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

त्यांनी ब्रश हातात घेतला. पण घासवेना.

"द्या, मी करतो."

"नको. हे माझं काम."

टोकं एकेक करून उजळली. फुंकर घालून त्यांनी ती सुकवली, जोड बसवला, चावी फिरवली. पट्टीवर अक्षर उमटलं आणि इंजिन एका दमात चालू झालं.

श्रीकरनं भंगारवाल्याला फोन लावून तमिळमध्ये सांगितलं, येऊ नका, आईची गाडी विकायची नाही. मग तो बापाच्या शेजारी येऊन बसला.

मुकुंदरावांचा डावा पाय खाली नसलेला क्लच शोधत होता. त्यांनी तो सीटकडे दुमडून घेतला आणि गाडी हळूच आडुतुरैच्या रस्त्याला लावली.