डाव्या खांद्याची रायफल

परवा अल्फारेटाला मुलाच्या घरी सूनबाई नातीच्या क्रिकेट बॅटला जवसाचं तेल चोळत होती. तो वास आला आणि मी थेट मोंटानातल्या बिलच्या बंदुकांच्या दुकानात पोचलो.

मी जन्माचा डावखुरा. डाव्या हातावर गुरुजींच्या छड्या खाल्ल्या, चौथीत शाळा सोडली, पण हात बदलला नाही. मला एल्क मारायचा होता. एल्क म्हणजे तिकडचं घोड्याएवढं सांबर. बिलने दाखवलेल्या सगळ्या रायफलींचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायला मागेपुढे ओढायचा दांडा, उजवीकडे.

"उजव्या हाताने शीक. सगळे शिकतात," तो म्हणाला.

"मी नाही शिकणार. डावीकडे बोल्टवाली मागव."

घरी बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, प्रसादसुद्धा डाव्या हाताने घेता, आता बंदूकही?"

"प्रसादाचं देव चालवून घेतो. सांबर थोडंच चालवून घेणार आहे?"

अखेर माझ्या हाताची रायफल आली, पण खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता माझ्या आखूड हातांना लांब पडत होता. मी दुकानातच करवत मागितली. "नव्या बंदुकीला करवत?" बिल ओरडला. मी कापलाच. मग घासून, जवसाचं तेल पाजून अक्रोडाचं लाकूड असं चमकवलं की बिल त्यावरून हात फिरवू लागला. डोळे मिटून रायफल डाव्या खांद्याला लावली आणि उघडले, तर रायफलीवरची दुर्बीण बरोबर डोळ्यासमोर!

त्या हिवाळ्यात एकाच गोळीत एल्क पडला. तेव्हा वाटलं, हाच आपला विजय. आता कळतं, एल्क उगाच मिरवला. जिंकलो होतो मी बिलच्या दुकानातच, कारण तिथे पहिल्यांदा मी नाही, वस्तू बदलली.