कौशल्याबाईंची पात

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला, हार्डवेअरच्या दुकानावर बायकांची जिम उघडली, तेव्हा गावात आपल्याला मनाई असलेली एक जागा आहे हे पुरुषांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. काचांना काळा कागद, दाराला जाड पडदा आणि पडद्याला टाचणीनं लावलेली पाटी, 'फक्त महिलांसाठी'. त्यामुळे खाली पोह्याच्या ठेल्याजवळ सकाळी नवऱ्यांची रांग लागू लागली. बायका वर घाम गाळायच्या, नवरे खाली तर्री-पोहे खायचे. बायकोचं जेवढं कमी व्हायचं तेवढं नवऱ्याचं वाढायचं. घराचं एकूण वजन होतं तिथंच राहायचं.

मीही त्याच रांगेतला. तेव्हा पडद्याआडचं जे सांगतो आहे ते माझ्या बायकोनं आणि हर्षानं सांगितलेलं. शेवटचा आवाज तेवढा माझ्या कानांनी ऐकलेला.

हर्षा म्हणजे आमच्या शेजारच्या धनंजयची बायको. आणि ही गोष्ट तिच्या सासूची, कौशल्याबाईंची.

कौशल्याबाई मूळच्या लाखांदूरकडच्या दिघोरीच्या. जन्म धानात, म्हणजे भातशेतीत गेला. त्यांचा आवाज भाताच्या तीन बांध्या, म्हणजे तीन खाचरं ओलांडून चौथीतल्या बाईला कामाला लावायचा, असं धनंजय सांगतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं हर्षा दिवाळीला दिघोरीला जाताना बसमध्येच पोट दुखतं म्हणायची. गेल्या कापणीत त्यांचे यजमान पुंडलिकराव गेले. सकाळी विळा घेऊन बांधीत उतरले, दुपारी पाणी प्यायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले ते बसलेच. तेरवी झाली, शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिली आणि धनंजय आईला शहापूरला घेऊन आला.

आली ती वेगळीच बाई आली. रडणं नाही, आठवणी काढणं नाही, कुणावर रागावणं नाही. जेवता का? बरं. झोपता का? बरं. टीव्ही लावू का? बरं. बंद करू का? तरी बरं. चहा निवला तरी प्यायच्या, उकळता असला तरी प्यायच्या. एकदा हर्षा गडबडीत चहापत्ती टाकायलाच विसरली, तर ते पांढरं पाणीही पिऊन त्यांनी कप धुऊन पालथा घातला. त्या दिवशी हर्षा आमच्याकडे येऊन बसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, त्या एक डाव मले शिव्या देतीन ना, तं मी पेढे वाटीन."

सून सासूच्या शिव्यांसाठी झुरते आहे, असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढं साखर निघाली. तळपायांना काही लागल्याचं कळेनासं झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. धनंजयनं आईला रस्त्याच्या कडेला नेऊन उभं केलं आणि सरळ चालत जा म्हणाला. त्या सरळ गेल्या. परत फिर असं कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून नागपूरच्या दिशेनं जातच राहिल्या. शेवटी स्कूटरवरून पाठलाग करून त्यांना आणावं लागलं. धनंजय घाबरला. तेव्हा हर्षालाच सुचलं की जिममधल्या यंत्रावर माणूस कितीही चालला तरी असतो तिथंच.

जिम चालवणारी गुड्डी कारध्याची, कबड्डी खेळलेली पोरगी. तिनं लुगड्यात यंत्रावर चढू देणार नाही म्हणून सांगितलं. हर्षानं भीतभीत आपला पंजाबी ड्रेस पुढं केला. साठीची दिघोरीची बाई आता काय बोलेल म्हणून ती दाराशीच उभी राहिली. कौशल्याबाई 'बरं' म्हणाल्या आणि घालून आल्या. वर ओढणी डोक्यावरून पदरासारखी घेतलेली, खाली पांढरे बूट. बायकांनी कौतुक केलं. हर्षा मात्र हिरमुसली. निदान नको तरी म्हणायचं.

शेजारच्या यंत्रावर सुमनबाई होत्या. त्यांचं भंडाऱ्याला साड्यांचं दुकान, माहेर-सासर दोन्ही विणकरांचं, आणि बहिणीच्या मुलीच्या लग्नापर्यंत ब्लाउज जुन्या मापात बसवायचा असा त्यांचा निर्धार होता. सुमनबाई तोंडाच्या तिखट. आपल्यापेक्षा वयानं मोठी बाई शेजारी चालते आहे म्हटल्यावर तिच्याआधी उतरणं त्यांना शोभणार नव्हतं. त्यांची वेळ संपली. त्यांनी शेजारी पाहिलं. कौशल्याबाई चालत होत्या. सुमनबाईंनी बटण दाबून वेळ वाढवून घेतली. कौशल्याबाईंचीही वेळ संपली, त्यांनी शेजारी पाहिलं, सुमनबाई चालत होत्या. त्यांनी गुड्डीला खुणेनंच अजून लावून दे म्हटलं.

असं बराच वेळ चाललं. बाकीच्या बायका आपापले डंबेल ठेवून गोळा झाल्या. सुमनबाईंचा चेहरा लाल, मग जांभळा. कौशल्याबाईंचा चेहरा भिंतीसारखा. हर्षा म्हणाली, आई पुरे आता. त्या 'बरं' म्हणाल्या आणि चालत राहिल्या. शेवटी सुमनबाईंनी दांडी घट्ट धरली.

"उतरा ना वो बाई आता. माहा जीव घेता का?"

"तुमची पात व्हाची हाये ना," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमची झाली का उतरतो."

कित्येक महिन्यांत इतके शब्द त्या पहिल्यांदाच एकत्र बोलल्या होत्या. आणि आपण जिला हरवायला निघालो ती आपल्यासाठी थांबली आहे, हे कळल्यावर सुमनबाई यंत्रावरून उतरून खाली फरशीवरच बसल्या.

ज्यांनी धान कापलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापणीला बाया बांधीत ओळीनं उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला धानाची एक पट्टी येते, ती तिची पात. आपली पात आधी संपली म्हणून धुऱ्यावर जाऊन बसायची रीत नाही. शेजारणीची राहिली असली तर तिच्यात शिरायचं. कोणी आजारी पडून घरी राहिली तर तिची पात दोघींनी वाटून घ्यायची. बांधीतून निघायचं ते सगळ्यांनी मिळून. कौशल्याबाईंनी जिमकडे पाहिलं तेव्हा त्यांना ओळीनं उभ्या बाया दिसल्या. बाकी सगळं यंत्रांचं सामान त्यांच्या दृष्टीनं फालतू.

तेव्हापासून त्या दोघी एकदमच उतरू लागल्या. सुमनबाई कुरकुरायच्या की या म्हातारीपायी मले धड हारताही येत नाही अन् जिंकताही. पण त्यांनी यंत्र बदललं नाही.

मध्ये सुमनबाई लग्नासाठी आंधळगावला गेल्या. कौशल्याबाई आपलं चालणं उरकून उतरल्या, ओढणी नीट केली आणि शेजारच्या रिकाम्या यंत्रावर चढल्या. गुड्डीनं विचारलं, आजी, हे कोणाचं? तर म्हणाल्या, सुमनबाईची पात. गुड्डीनं समजावलं की तुम्ही चालल्यानं सुमनबाईंचं वजन उतरत नसतं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि चालल्या. लग्न होईपर्यंत रोज दोन पाती काढल्या.

सुमनबाई परतल्या तेव्हा त्यांना हे कळलं. लग्नातले लाडू अंगावर स्पष्ट दिसत होते. त्या म्हणाल्या, आजी, तुम्ही कामचोरी केली, पाहा माझं पोट. सगळ्या हसल्या. कौशल्याबाई हसल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत. दोघी चटईवर पाणी पीत बसल्या. सुमनबाईंनी सहज विचारलं, गावात तुमच्या शेजारची पात कोणाची राहायची?

"धनंजयच्या बापाची," कौशल्याबाई म्हणाल्या. समोरच्या पंख्याकडे पाहत होत्या. "लय आळशी मानूस. तंबाखू घोटू घोटूच दिवस काढे. मी माही पात काढून पल्याडून त्याच्या पातीत शिरत होती. मंधात भेट होये."

मग पंख्यावरची नजर न काढता, त्याच आवाजात, "त्या दिवशी बी मी येऊनच राहिली होती पल्याडून."

रडणं वगैरे काही झालं नाही. सुमनबाई बाटलीचं झाकण लावत होत्या, काढत होत्या. हर्षानं उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. अर्धी कापलेली ती पात पुढं कोणी काढली, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. घरी आल्यावर कौशल्याबाईंनी चहा घेतला, कप धुतला, पालथा घातला.

नंतर पुष्कळ दिवस तसेच गेले. पायांना थोडं कळू लागलं, असं डॉक्टर म्हणाले. कौशल्याबाई 'बरं' म्हणाल्या. हर्षानं पेढ्यांचा विषय सोडून दिला होता.

मग एका सकाळी सुमनबाईंना दुकानात काम होतं म्हणून शेजारच्या यंत्रावर हर्षा चढली. खाली मी आणि धनंजय पोह्यांच्या प्लेटा घेऊन उभे. धनंजयला ऑफिसची घाई होती. त्यानं वर फोन लावला, चल लवकर. हर्षा यंत्र थांबवून उतरली आणि पर्स घेऊन पडद्याकडे निघाली.

हायवेवरून तेव्हा एक ट्रक जात होता, तांदळाच्या पोत्यांनी भरलेला, हॉर्न वाजवत. त्या हॉर्नच्या वरून, काळ्या काचांमधून, आवाज खाली रस्त्यावर आला.

"काहून वो हर्षा, कुठं चालली? पात अर्धी टाकून? तुही पात काय तुहा बाप येऊन काढन?"

ठेल्याजवळचे सगळे नवरे वर पाहू लागले. काहींनी सवयीनं आपल्याच बायकोचा आवाज असेल असं धरून मान खाली घातली. धनंजय मात्र चमचा तसाच हातात धरून उभा राहिला. ठेलेवाल्यानं त्याला विचारलं, भाऊ, तर्री टाकू का अजून?

"बरं," धनंजय म्हणाला.

त्या दिवशी तो ऑफिसला उशिरा पोचला, कारण हर्षा मुकाट्यानं परत यंत्रावर चढली होती. दोघी एकदमच खाली आल्या. आई स्कूटरवर मागं बसली तेव्हा धनंजयनं तिला नीट बसली का विचारलं, तर पुन्हा तेच 'बरं', नेहमीच्याच आवाजात. पेढे काही वाटले गेले नाहीत.

पण माझ्या बायकोच्या एक गोष्ट लक्षात आली आहे. हर्षा हल्ली सासूच्या दुसऱ्या बाजूचं यंत्र धरते, आणि रोज वेळ संपायच्या थोडं आधी उतरते. फोन आलेला नसतो, घाई नसते. उतरते, पर्स उचलते आणि पडद्याकडे अगदी सावकाश चालत जाते. बहुतेक दिवशी मागून शिवी सोडा, हाकही येत नाही. मग ती पडद्याला हात लावून तशीच परत फिरते आणि राहिलेलं चालणं पुरं करते.