मराठीची डब्बी

आदिलाबादेत मुलीचं लग्न ठरलं की आई आधी हॉल बघत नाही, पद्मिनीबाई बोमिडवारांना फोन लावते. रुखवत मांडावं तर त्यांनीच. नवरानवरीच्या नावाची पाटी, हळदीचा फलक, कागदी वेलबुट्टीनं मढवलेली ताटं, सप्तपदीची सात पावलं, सगळं बाईंच्या घरून पॅक होऊन मांडवात जायचं. मग नवरीची आई व्याह्यांना सांगायची, आमच्या पोरीनंच केलं हो सगळं, आणि पद्मिनीबाई पंगतीत बसून मान डोलवायच्या. हे असंच चालतं. यात कोणाला काही वाटत नाही.

बाई साठीला टेकलेल्या. नवरा विठ्ठलराव महसूल खात्यात गिरदावर होते, आता पेन्शनीत. मुलगा हेरंब हैदराबादेत चांगल्या नोकरीवर. घरात खायला-ल्यायला काही कमी नाही. म्हणजे हा धंदा पोटासाठी नव्हता, मानासाठी होता, आणि तिथंच तर सगळी गोम आहे. पोटाची भूक दोन भाकरीनं भागते, मानाची कशानं भागणार?

फाल्गुनात बाई भीमपूरला एका बारशाला गेल्या. पाळण्यावर बाळाचं नाव लावलं होतं, जाड कार्डशीटमधून कापलेलं. भोवती वेल, वेलीवर पोपट, आणि गंमत अशी की नाव, वेल, पोपट सगळं एकाच कागदातून निघालेलं. कुठं जोड नाही, डिंक नाही. कात्रीचं काम होतं. बाईंनी जवळ जाऊन बोट फिरवून पाहिलं. कोणी केलं म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, उत्तमरावांची दामिनी. तो भाजीवाला नाही का, त्याची पोरगी.

बाईंच्या घशाखाली जिलबी उतरेना. बरोबरच्या बायकांना म्हणाल्या, गोड जरा जास्तच झालंय. कशाचं गोड आणि कशाचं जास्त! जळल्या होत्या बाई, चांगल्या जळल्या होत्या. अख्खं भीमपूर मंडल, पार पलीकडं महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, त्यांचं गिऱ्हाईक होतं.

आणि नशीब कसं बघा. आठ दिवसांत तीच पोरगी बसनं आदिलाबादेला आली आणि त्यांचंच दार वाजवून पाया पडली.

दामिनी चोवीस वर्षांची. दोन हंगाम लोकांच्या शेतात कापूस वेचून तिनं मशीनपुरते पैसे गाठीला बांधले होते. हातानं एक पाटी करायला दोन दिवस जातात, म्हणून कागद कापायची मशीन घ्यायची होती. पण घाई कशाची होती तेही तिनं भोळेपणानं सांगून टाकलं. बेल्लमपल्लीचं एक स्थळ आलं होतं. संतोष नावाचा, कोळशाच्या खाणीतला, वय एकेचाळीस, पहिली बायको वारलेली, दोन लेकरं, आणि पगाराच्या दिवशी पितो हे त्याच्या बहिणीनंच सांगितलेलं. उत्तमराव वाईट माणूस नव्हता. त्यानं पोरीला मुदत दिली होती. दिवाळीपर्यंत आपल्या कमाईवर उभी राहून दाखव, मी पाहुण्यांना नाही म्हणतो. नाही जमलं तर तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त.

"मावशी, तुमी सांगान तीच घेईन," दामिनी म्हणाली. "नवी घेऊ का जुनी?"

आता बाईंकडं दोन्ही होत्या. नवी आतल्या खोलीत झाकून ठेवलेली. मोबाईलच्या पडद्यावर जे लिहाल, जे काढाल, ते ती कापून देते. मराठी म्हणा, तेलुगू म्हणा, बाळाच्या पायाचा ठसा म्हणा. जुनी कपाटावर धूळ खात पडलेली, हेरंबच्या मित्रानं कधीकाळी परदेशातून आणून दिलेली. तिला डब्ब्या लागतात. डब्बी खोचायची, तिच्यात जी चित्रं भरलेली असतील तेवढीच निघतात, त्यापलीकडं रेघसुद्धा नाही. बाईंकडं पाच डब्ब्या होत्या. गुलाब, फुलपाखरं, इंग्रजी अक्षरं, ख्रिसमसचं झाड आणि बर्फाचा बाहुला. कंपनीनं ती मशीन कधीच बंद केली होती. दोन वर्षं कपाटावरून उतरलीसुद्धा नव्हती ती.

बाईंनी ती उतरवली, पदरानं पुसली आणि दामिनीसमोर ठेवली.

मग काय गोड बोलल्या म्हणता! नवी मशीन म्हणजे नखरेल बया, नेट गेलं की रुसून बसली, आणि भीमपूरला नेट टिकतं का कधी? जुनी कशी, पिठाच्या गिरणीसारखी, घाल आणि काढ. मोबाईलवरच्या व्हिडिओंत नवीचं कौतुक करणाऱ्या बायका कंपनीच्याच असतात, त्यांना काय जातंय. माझ्या आजवरच्या सगळ्या पाट्या हिच्यावरच निघाल्या, बाई शपथेवर म्हणाल्या. इंग्रजीची डब्बी खोचून त्यांनी दामिनीचं नाव कापूनही दाखवलं. पोरीनं ते तळहातावर घेतलं आणि हसली.

तिनं एक शहाणपणाचा प्रश्न विचारला होता, हे सांगितलं पाहिजे. मराठीत नाव निघते ना, म्हणून विचारलं होतं.

"मराठीची डब्बी वेगळी मिळते," पद्मिनीबाई म्हणाल्या. "नवीलाही वेगळीच घ्यावी लागते, आणि तिची तर दुप्पट महाग. तू ही ने, डब्बी मी मागवून देते."

अशी डब्बी जगात कुठंच नव्हती. कोणी बनवलीच नव्हती.

पोरगी गाठीचे पैसे मोजून जुनी मशीन घेऊन गेल्यावर विठ्ठलरावांनी पेपर खाली केला आणि विचारलं, मराठीची डब्बी असते का गं? बाई म्हणाल्या, तुम्ही पेपर वाचा. आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेला माणूस तो, कुठं विचारू नये ते त्याला बरोबर कळत होतं. त्यानं पेपर वर केला. असल्या माणसांच्या जिवावरच तर जगात सगळं निभावतं.

दामिनी कामाला लागली. उन्हाळ्यातल्या लग्नांची तीन-चार कामं तिला लगेच मिळाली. गुलाब भराभर निघाले, फुलपाखरं निघाली, बायका खूश झाल्या. मग म्हणाल्या, आता नावं लाव. मशीनमधून नावं निघेनात. तिनं बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, मागवलीय, येईलच. तोवर पोरीनं अक्षरं कात्रीनं कापली, जागून कापली, बोटाला फोड आला तर त्यावर चिंधी बांधून कापली. पहिलं लग्न निभावलं, दुसरं निभावलं. तिसऱ्या घरची पाटी पोचली तेव्हा हळद लागून झाली होती. त्या घरच्या म्हातारीनं गुलाबांबरोबर आलेला बर्फाचा बाहुला उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, हे कोन्तं भूत आनलं वं बाई लग्नात? सगळा मांडव हसला. गावात ही गोष्ट महिनाभर पुरली.

पुन्हा फोन केला तर बाई म्हणाल्या, डब्बी हैदराबादेपर्यंत आलीय. पुढच्या वेळी पावसात अडकली होती. त्यानंतर चुकीची आली म्हणून परत पाठवली होती. दामिनीनं नागपूरच्या एका दुकानात फोन करून विचारलं, तर दुकानदार हसला. तिनं तेही बाईंनाच सांगितलं. बाई म्हणाल्या, त्याला काय कळतं! आणि पोरीला ते पटलं, कारण बाईंच्या हातची मराठी पाटी तिनं डोळ्यांनी पाहिलेली होती. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्याकडंच त्याच्याविषयी चौकशी करावी, असा तिचा भाबडा हिशेब. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापून घेणारी पोरगी दर वेळी फोन ठेवताना मावशी तुमचे लय उपकार म्हणायची.

श्रावण गेला, गणपती गेले. भीमपूरच्या बायका पुन्हा पद्मिनीबाईंकडं वळल्या. दसऱ्याला दामिनीकडं एकही काम नव्हतं. ती परत कापूस वेचायला जाऊ लागली. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. त्यांना त्या दिवशी झोप छान लागली.

भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी उत्तमराव आला. बरोबर दामिनी. त्याच्या एका हातात वांग्यांची पिशवी, खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली मशीन. लग्नाचं रुखवत सांगायला आला होता. वांगी त्यानं विठ्ठलरावांपुढं ठेवली, मशीन कोपऱ्यात ठेवली, आणि बसला नाही, उभाच राहिला.

"बाई, एक इचारतो," तो म्हणाला. "ते मराठीची डब्बी येऊन राह्यली का नाही? येत असंन तर मी पाव्हन्याइले आजूनही थांबवतो. सुपारी फुटली नाही आजून. पोरगी लय मेहनत करून राह्यली, मले दिसते. दोष तिचा नोयता, एवढं तुमी म्हना फक्त."

दामिनी बाईंकडं बघत होती. आठ महिन्यांत तिचा चेहरा वाळून गेला होता, पण त्या घडीला त्यात आशा होती, स्पष्ट दिसेल इतकी होती. बाईंनाही दिसली. विठ्ठलरावांनाही दिसली. त्यांनी वांगी चाचपायला घेतली.

एक वाक्य पुरे होतं. दोष तिचा नव्हता, बस. खरं सगळं सांगायचीही गरज नव्हती. पण बाईंच्या डोळ्यांपुढं तो पाळण्यावरचा पोपट आला. ही पोरगी गावात राहिली तर आज ना उद्या नवी मशीन घेईल, आणि असा हात आणि अशी मशीन एकत्र आली की आपल्या पायऱ्या कोण चढणार?

"डब्बी तर श्रावणातच आली होती, उत्तमराव," पद्मिनीबाई म्हणाल्या. "मी तीनदा फोन केला. हिनं उचललाच नाही. शेवटी दुसऱ्या मुलीला दिली."

उत्तमराव ओरडला नाही. त्यानं पोरीकडं पाहिलं. ती म्हणाली, बाबा, फोन आलाच नाही. तो एवढंच म्हणाला, गप राय. इतक्या मोठ्या घरची बाई कशाला खोटं बोलंन, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग तो खाली बसला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पंच्यानं डोळे पुसले. घामच होता म्हणाला.

बाईंनी मुहूर्त विचारून घेतला. पाटी केवढी हवी, ताटं किती हवीत ते विचारलं. रंग कोणता पसंत करता ते बघा म्हणून त्यांनी आतल्या खोलीतून नवी मशीन आणली आणि टेबलावर ठेवली. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. चिकट चटईवर लाल चकचकीत शीट चिकटवली, मोबाईल हातात घेतला आणि बोटानं मराठीत लिहिलं, दामिनी. मशीन घरघरली. चार पळांत नाव निघालं, वेलांट्यांसकट, एकही कोपरा फाटला नाही. बाईंनी सुईनं मधला कचरा उचकटून काढला आणि नाव पोरीपुढं सरकवलं.

दामिनीनं नाव हातात घेतलं नाही. ती मशीनकडं बघत होती. पुढून पाहिलं, बाजूला वाकून पाहिलं, मागूनही पाहिलं.

"मावशी," तिनं हळूच विचारलं, "याले डब्बी लागत नाही?"

"नाही," पद्मिनीबाई म्हणाल्या, आणि मोबाईलवर संतोष लिहायला घेतलं.