डोळे आखणाऱ्या बाईंचं मशीन

पेणला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. हमरापूरला गणपतीचे डोळे आखणाऱ्या एका बाईंना मी सांगितलं होतं, "विंडोज होम घ्या की प्रो, या जुन्या मशीनवर चालणार नाही. नवंच घ्या." विंडोजऐवजी फुकट मिळणारं, हवं तसं बदलता येणारं लिनक्स चाललं असतं, हे मी मुद्दाम लपवलं.

परवा मूर्ती ठरवायला गेलो, तर तेच मशीन सुरू! नको ते सगळं काढलेलं. पडद्यावर फक्त मूर्तींचे फोटो आणि ठसठशीत मराठीत ऑर्डरी. मी हरखलोच.

"लिनक्स टाकलं कुणी?"

"मीच, व्हिडिओ बघून." ब्रश कानामागे खोचत त्या म्हणाल्या, "साचा कुनाचा बी असू दे, डोले आमीच आखतो."

"मला तेव्हाच ठाऊक होतं, बाई. बोललो नाही."

त्यांनी प्रिंटर माझ्यापुढे सरकवला. "मंग आता बोला. प्रिंटर चालत नाय."

मी चपला काढून मांडी घातली.