आंबिलीची बिंदगी

मार्गशीर्ष सरत आला की कोवळ्या उन्हातून आंबट ताकाचा, शिजलेल्या ज्वारीच्या पिठाचा आणि ठेचलेल्या लसणाचा एक संमिश्र गंध माझ्या फाटकाशी येऊन थांबतो. आंबिलीचा हा गंध ज्याने एकदा घेतला, त्याला सोलापूरची थंडी निराळी आठवावी लागत नाही. यंदाही तो आला. पण दरवर्षी जिथून यायचा तिथून नाही.

होटगी रस्त्याच्या आतल्या अंगाला, हद्दवाढीत शहरात ओढल्या गेलेल्या शिवारात माझे घर आहे. शिवार म्हणायची माझी जुनी खोड. आता त्याला लेआउट म्हणतात. शिक्षकी संपवून मी प्लॉट पाहायला आलो, तेव्हा इथे पोटरीला आलेली ज्वारी डोलत होती आणि त्या ज्वारीतच चुना फासलेले हद्दीचे दगड रोवलेले होते. केवढे विलक्षण दृश्य ते! पीक हाती यायचे होते, आणि जमिनीची वाटणी मात्र केव्हाच होऊन गेली होती. पुढे टिपर आले आणि काळी माती उचलून घेऊन गेले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंती तडकवते. म्हणून ती काढून मुरूम भरायचा असतो. घर बांधायचे तर आधी माती घालवावी लागते, हे मला उतारवयात कळले.

मग भाव चढू लागले. विमान सुरू होणार या नुसत्या आवईवर चढले, सुरू झाल्यावर आणखी चढले. घेणारे बहुतेक पुण्याला राहणारे. त्यांच्या प्लॉटांवर तारेच्या कुंपणात वेड्या बाभळी माजल्या आहेत, बांधलेल्या कित्येक घरांना कुलपे आहेत, आणि आम्ही जे राहतो ते नळाला पाणी कोणत्या वारी येईल याच्या चौकशा करीत बसतो. राहायला माणूस नाही आणि तरीही घरांची ही हाव थांबत नाही! ही भूक नेमकी कुणाची आहे? खरे सांगायचे तर या प्रश्नाचा मला रागच येतो.

ही जमीन मूळची सिद्रामप्पाच्या घराण्याची. भावाभावांत तुकडे पडले, शेजारच्यांनी विकले, मग यानेही विकले. पैसे चोख मिळाले. त्यातून शहरात तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट झाला. व्यवहाराच्या वेळी त्याने एकच गोष्ट मागितली होती. शेताच्या मध्यावर त्याचे वाडवडील वेळ अमावस्येला पाच पांडव मांडत, तेवढा तुकडा मोकळा राहावा. तो बागेसाठी सोडलेलाच आहे, असे त्याला तोंडी सांगण्यात आले. मलाही तेच सांगितले होते. माहितीपत्रकात माझ्या घरासमोर एक सुरेख हिरवा चौकोन छापलेला होता.

बाग काही झाली नाही, पण सिद्रामप्पा येत राहिला. वेळ अमावस्येला आमच्या भागातला शेतकरी रानात कडब्याची खोप उभारतो, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतो, येईल त्याला जेवू घालतो आणि बिंदगीभर, म्हणजे लहानशा घागरीभर, आंबील घेऊन शेताच्या हद्दीवरून ती पिकावर शिंपडत फिरतो. याला शेत उरले नव्हते, तरी तो बायकोला, महादेवीला, घेऊन यायचा आणि प्रत्येक फाटकाशी उभा राहून हाक मारायचा, “या की सर जेवायला! भज्जी लई झालीया.” भज्जी म्हणजे या सणाची शेंगा आणि पालेभाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी. एरवी एकमेकांची नावे ठाऊक नसलेले आम्ही त्या मातीत मांडी घालून बसत असू. जमीन विकणारा यजमान आणि विकत घेणारे पाहुणे! वाढताना त्याच्या मुद्रेवर जी प्रसन्नता उमटे, तिच्यासाठी मी वर्षभर त्या दिवसाची वाट पाहत असे.

यंदा दिवाळीनंतर त्या तुकड्याभोवती निळे पत्रे उभे राहिले. नकाशा सुधारला होता म्हणे. बाग नाल्याकाठी सरकली आणि इथे इमारतीचा खड्डा पडला. पांडवांचे दगड मुरमाबरोबर टिपरमध्ये गेले. कळवायचे म्हटले, तर सिद्रामप्पाचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

अमावस्येच्या सकाळी दोघे रिक्षातून उतरले. तिच्या डोक्यावर टोपली, त्याच्या हातात बिंदगी. पत्र्यांसमोर तो नुसता उभा राहिला. मी जवळ गेलो तसे म्हणाला, “सर, हितलं रान कुटं गेलं?” मी नकाशाचे सांगितले. महादेवीने पदर तोंडाला लावला. “सणाचं रडू न्हाय,” तो तिला म्हणाला.

मी त्यांना माझ्या अंगणात आणले. पण चिखल नको म्हणून फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत मी सिमेंटचे ठोकळे बसवून घेतलेले. माती म्हणावी तर एका कढीपत्त्याच्या कुंडीत. तिच्याशेजारीच त्यांनी येताना बाजारातून आणलेली ज्वारीची ताटे टेकवून खोप झाली. रस्त्यावरच्या खडीतून पाच दगड निवडून त्याने चुना लावला. “देवाला कुटला बी दगड चालतोय,” तो म्हणाला, आणि पूजा झाल्यावर बिंदगी उचलून हद्दीवर निघाला. मोकळा तुकडा आता नव्हताच, म्हणून तो आपल्या आख्ख्या जुन्या शेताला फेरी घालणार होता. मीही मागे गेलो. ज्वारीच्या पानाने तो आंबील शिंपडत चालला. भिंतींवर, उभ्या गाड्यांच्या चाकांवर, वेड्या बाभळींवर.

एके ठिकाणी जुना बांध एका मोठ्या संकुलात शिरत होता. रखवालदार भला माणूस. त्याने आदबीने हात आडवा केला.

“मामा, कुणाकडं जायचंय?”

सिद्रामप्पाने आत पाहिले. नाव सांगायचे होते. फ्लॅटचा नंबर सांगायचा होता. कोणत्या नियमाने सांगावे की हा माणूस कुणाकडे आलेला नाही, तो इथलाच आहे?

“कुणाकडं न्हाय,” तो शेवटी म्हणाला आणि मागे वळला.

उरलेली आंबील त्याने कुंडीत ओतली. कुंडी भरली, पांढरा ओघळ सिमेंटवरून पसरला आणि तिथेच साचून राहिला. “मुरंना की वं,” महादेवी म्हणाली. आम्ही तिघे जेवलो. शेजाऱ्यांना हाक मारू का, असे मी विचारले, तर त्याने मान हलवली. “नगं सर. या म्हणायला आपलं रान लागतंय.”

“बा, होगोण,” चल, जाऊ या, असे बायकोला कानडीत म्हणून तो उठला. मला काहीतरी बोलायचे होते. म्हणालो, “पुढच्या वर्षी इथेच या, अप्पा. घर तुमचंच आहे.”

त्याने हात जोडले. “येऊ की सर,” तो म्हणाला, “पावणं म्हणून.”

रिक्षा गेली. आंबिलीचा तो गंध अंगणात दोन दिवस दरवळत राहिला. फाटकातून आत येताना तो यायचा, आणि दरवेळी मला वाटायचे, आता त्या रखवालदाराने मलाही विचारावे, कुणाकडं जायचंय? मग नळाला पाणी आले, आणि कामवालीने अंगण धुऊन काढले.