थांबलेला धनुर्धारी

गुहेतून दोघे निघून गेले आणि एक धनुर्धारी मात्र तिथेच उभा राहिला, ते दृश्य आठवलं की मला अजूनही हसू येतं.

माझी मुलगी मीरा नोकरीसाठी बंगळूरला गेली, तेव्हापासून रविवारी दुपारी आम्ही मायलेकी एक ऑनलाइन खेळ खेळतो. ती योद्धा, मी जादूगारीण, सोबत तीन अनोळखी खेळाडू. त्या दिवशी गुहेतल्या ड्रॅगनच्या आगीत दरवेळी आधी मीच मरत होते. शेवटी त्या तिघांतले दोघे वैतागून निघून गेले. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

"मीरा, मी बंद करते. माझ्यामुळे तुझाही खेळ बिघडतोय," मी माइकवर म्हटलं.

मीरा काही बोलायच्या आत त्या धनुर्धाऱ्याचा आवाज आला, "काकू, मी आहे ना. ड्रॅगननं मान वर केली, की लगेच उजवीकडे पळा."

"अरे, तू मराठी?"

"साताऱ्याचा. पळा काकू, मान वर केली!"

मी पळाले. आम्ही तिघं पुन्हा हरलो, पुन्हा उठलो, आणि एकदाचा तो ड्रॅगन कोसळला. मीराने पात्राला नाचवायचं बटण सांगितलं.

जिंकल्याचा आनंद होताच. पण ज्याचा चेहराही आपण पाहिलेला नाही असं कुणी आपल्यासाठी थांबतं, तेव्हा जग एकदम ओळखीचं वाटू लागतं. पडद्यावर आम्ही तिघं नाचत होतो, आणि इकडे हॉलमध्ये मीही.