स्लॅबच्या दिवशी नाच

हे मी बायकोलेही सांगितलं नाही. तुले सांगतो — हसशील तं हास, आधी मलेही हसूच येते.

पुसदजवळच्या एका बंजारा तांड्यावर शाळेची खोली बांधून राह्यलो होतो आम्ही. सरकारी काम. त्याचं वेळापत्रक आधीच द्या लागते — पाया कधी, भिंती कधी, स्लॅब कधी. ते केलं मी, ठेकेदाराच्या इंजिनिअरनं, पंख्याखाली बसून. होळीची सरकारी सुट्टी सोडली आन् लगेच दुसऱ्या दिवशी स्लॅब ठेवला. शहाणाच ना मी! तांड्याची होळी कधी एका दिवसात आटपते काय?

स्लॅबच्या सकाळी मजुरांले बोलवाले गेलो. संगं सलीमभाई — आमचा काँक्रीट कालवाचा मिक्सर दुरुस्त करणारा मिस्तरी. नुकताच त्यानं तो टकाटक करून देलता. तांड्यावर पाहतो तं काय — डफ घुमून राह्यला, लेंगी — त्यायचा होळीचा गाण्या-नाचाचा खेळ — रंगात आलेली! तांड्याच्या नायकानं माझा हातच धरला. "सायेब, स्लॅब उद्या बी होईल. आज नाचा लागते!"

आन् मी नाचलो, दोस्ता! बूट फेकून, गुलालानं लालबुंद होऊन. सलीमभाईनं तं डफच हाती घेतला, अन् काय वाजवला बाप्पा! इतका आनंद मले माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मंग कबूल काय कराचं — नाचलो हे? छे! त्याची कायले लाज?

सायंकाळी सरकारी साहेबाचा फोन आला. स्लॅब काहून नाही झाला? कारण सांगा, नाही तं दंड. आता नाचत होतो, असं सांगते काय कोणी? मी म्हणलं — मिक्सर बिघडला.

दुसऱ्या दिवशी साहेब साइटवर आले. स्लॅब झकास पडला, मिक्सर एकदाही अडला नाही. तरी साहेबानं सगळ्यांदेखत सलीमभाईले झापलं — अशी दुरुस्ती करते काय? सलीमभाईनं माझ्याकडे पाह्यलं. मी — मी खाली पाह्यलं.

"हाँ साहब," तो म्हणाला, "गलती मेरीच थी."

साहेबानं ते चार ठेकेदारांले सांगितलं. मिक्सरची कामं त्याच्याकडे येणं बंद झालं. आता तो पंक्चर काढते. मी दिसलो का हाक मारते, चहा पाजते. मी पितो.

मिक्सर चांगला होता, एवढंच साहेबाले सांगाचं होतं. मले कोणी अडवलं नव्हतं.